धरणाकाठचे तंबूवाले

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू. संध्याकाळी उभं राहतं, सकाळी घडी होऊन पिशवीत जाऊन बसतं. दार आहे पण कडी नाही, छप्पर आहे पण वासा नाही, आणि पाया म्हणाल तर आठ-दहा खुंट्या! असं घर कोणतं?

बरोबर ओळखलंत. तंबू!

तंबू काही आपल्या जालना जिल्ह्याला नवा नाही. आषाढात पंढरीला निघालेल्या दिंड्यांच्या राहुट्या तुम्ही पाहिल्या असतील. जत्रेतल्या सर्कशीच्या तंबूत तर टाळ्याही वाजवल्या असतील. आणि ऊसतोडीच्या फडावरच्या पाचटाच्या कोप्या? त्या आपल्या शाळांतल्या कितीतरी मुलांनी आतून पाहिल्या आहेत. पण काही माणसं हौसेनं, पैसे मोजून, डोंगरात जातात आणि तंबूत झोपतात. आणि त्यांना तंबूत झोपवून स्वतः जागी राहणारीही काही माणसं असतात! आज आपण या दुसऱ्या माणसांची ओळख करून घ्यायची आहे.

नकाशा उघडा

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. जालन्यावर बोट ठेवा आणि ते पश्चिमेकडे सरकवत न्या. छत्रपती संभाजीनगर, मग गोदावरी, मग सह्याद्रीची रांग लागेल. तिथं नाशिक आणि अहिल्यानगर (म्हणजे पूर्वीचं अहमदनगर) या जिल्ह्यांच्या सीमेवर कळसूबाई उभी आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, उंची १६४६ मीटर. हा पाठ तुम्हाला तोंडपाठ असेलच. कळसूबाईच्या जवळच, अकोले तालुक्यात, भंडारदरा धरण आहे. प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. उंची सुमारे ८२ मीटर. त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात आणि मागच्या जलाशयाला आर्थर लेक.

जलाशयाच्या भोवती मुरशेत, पांजरे, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी छोटी छोटी गावं आहेत. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाळ्यात भात लावायचा, उतारावर नाचणी आणि वरई पेरायची. दिवाळीच्या सुमारास पीक घरात आलं की पुढं काय? पुढं हातांना काम नाही. मग पोरंबाळं घेऊन, भांडीकुंडी डोक्यावर घेऊन, नारायणगाव, संगमनेर, नाशिककडच्या बागायती शेतांवर मजुरीला जायचं. आपल्याकडं दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या भरतात, अगदी तसंच. गाव तेच, दुःख तेच, फक्त पीक वेगळं.

गेल्या काही वर्षांत या गावांतल्या बऱ्याच घरांनी एक नवा उद्योग सुरू केला. भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरांत, पाण्यापासून जरा वर, तंबू लावायचे. मुंबई, पुणे, नाशिकहून पाहुणे येतात. त्यांना रात्री राहायला तंबू, जेवायला घरचं जेवण, शेकोटी आणि वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ! गावात कोणी त्यांना 'टेंटवाले' म्हणतं, कोणी 'कॅम्पिंगवाले'. मी आपली 'तंबूवाले' म्हणते.

पाऊस त्यांचा, तहान आपली

तुम्ही म्हणाल, "मॅडम, कुठं ते भंडारदरा आणि कुठं आम्ही! आमचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तोही पाण्याचा. आपल्या जालन्यात वर्षाला सुमारे ७०० मिलीमीटर पाऊस पडतो. पडला तर! घाटघरला चांगल्या वर्षी तो ५००० मिलीमीटरच्या आसपास जातो. म्हणजे आपल्या सात वर्षांचा पाऊस तिथं एका वर्षात पडतो. हे पाणी प्रवरेत येतं, भंडारदऱ्यात साठतं, रंधा धबधब्यावरून उडी घेतं, निळवंडे धरणात थांबतं. पुढं अकोले, संगमनेर करत नदी नेवाशाला पोचते. हो, तेच नेवासं, जिथं ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. नंतर प्रवरासंगमला ती गोदावरीला मिळते आणि दोघी मिळून पैठणच्या जायकवाडी धरणात येतात.

आणि जायकवाडीचं पाणी कुणाकडं येतं? डावा कालवा आपल्याच अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांतून जातो. जालना शहराच्या नळालाही जायकवाडीचं पाणी येतं. दुष्काळाच्या वर्षी वरच्या धरणांमधून जायकवाडीत पाणी सोडल्याच्या बातम्या तुमचे बाबा मोठ्यानं वाचतात ना? त्या वरच्या धरणांत भंडारदराही असतं.

तेव्हा आर्थर लेकच्या काठावर कोणी प्लास्टिकची बाटली भिरकावली, तर तो फक्त तिथल्या लोकांचा प्रश्न राहत नाही. ते पाणी शेवटी आपल्याकडं यायला निघालेलं असतं.

पाहुणे उठायच्या आधी

चला, आता एक दिवस तंबूवाला होऊन बघू.

दिवस सुरू होतो पहाटे पाचला. थंडीत इथलं तापमान दहा अंशांच्याही खाली उतरतं. जलाशय समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. उंचीवर जाऊ तशी हवा गार होते; दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी. त्यात पाण्यावरचा वारा! अशा गारठ्यात तंबूवाले दादा अंगावर घोंगडी घेऊन बाहेर येतात. पहिलं काम, सगळ्या तंबूंभोवती एक फेरी. कुठली दोरी सैल झाली, कुठली खुंटी निघाली, रात्री कुठलं जनावर येऊन गेलं का, मातीत पाय उमटलेत का? हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातला. ते १९८६ साली जाहीर झालं. बिबट्या, तरस, रानडुक्कर ही इथली जुनी रहिवासी आहेत. पाहुणे आपण, हे दादा विसरत नाहीत.

तोवर घरात चूल पेटलेली असते. पाणी तापवायचं, चहा ठेवायचा, पोहे भिजवायचे. तंबूंचा उद्योग दादांच्या नावावर असतो, पण निम्म्याहून जास्त काम वहिनी करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वीस पाहुणे म्हणजे किती भाकरी? माणशी दोन धरल्या तरी चाळीस. आणि शहरात मोजून खाणारी माणसं डोंगरात आली की माणशी तीन खातात! तांदळाच्या नाहीतर नाचणीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, वांग्याबटाट्याची भाजी, आमटी आणि भात. या तालुक्यात जुन्या गावठी वाणांचा तांदूळ अजून पिकतो. गावठी बियाणी जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या, कोंभाळणे गावच्या.

पाहुणे चहा पीत सूर्योदयाचे फोटो काढत असतात, तेव्हा दादा हातात पोतं घेऊन कागद, पिशव्या, बाटल्या वेचत असतात. मग स्वच्छतागृह धुणं. हो, लाजायचं काय त्यात? साने गुरुजी, गाडगेबाबा यांचे धडे आपण वाचतो ते परीक्षेपुरते नव्हेत. दादा म्हणतात, "जेवण थोडं कमी-जास्त झालं तर पाहुणा समजून घेतो. संडास घाण असला तर परत येत नाही."

दहा वाजता पाहुणे निघाले की तंबू आवरायचे. इथं एक विज्ञानाची गंमत आहे. रात्री पाऊस पडला नाही तरी तंबूचं कापड आतून ओलं असतं. कशानं? तुमच्या श्वासानं! माणसाच्या उच्छ्वासात वाफ असते. बाहेरच्या गारठ्यानं कापड थंड झालेलं असतं. वाफ त्याला लागली की तिचं पाणी होतं. थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो, तसंच. हा ओला तंबू तसाच घडी केला तर दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून प्रत्येक तंबू उलटा करून उन्हात वाळवायचा, झाडायचा आणि मगच घडी घालायची. अंथरुणंही उन्हात टाकायची. दुपारी तीन वाजेपर्यंत नवे पाहुणे यायला लागतात.

तंबू ठोकणं सोपं नाही

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षक आपापल्या मुलाबाळांसह नाशिक, घोटीमार्गे तिथं जाऊन दोन रात्री राहिलो. मी दादांना म्हटलं, "आम्हाला पाण्याच्या अगदी कडेला तंबू द्या ना." दादा हसले आणि आमच्या मुलांनाच विचारलं, "सांगा रं, पाण्याच्या कडंला का नाय?"

मुलांनी डोकं खाजवलं. मग दादांनी जागा निवडण्याचे नियमच सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले.

पहिला नियम: काठाची माती फसवी. धरणातून पाणी सोडलं की पातळी खाली जाते आणि मागं मऊ चिखल उरतो. पुढं एकदम खोल उतार. पोहता येणारासुद्धा तिथं अडकतो. म्हणून तंबू पाण्यापासून लांब आणि पाण्यात उतरायला साफ मनाई.

दुसरा: मोठ्या झाडाखाली नाही. वाळलेली फांदी कधी पडेल सांगता येत नाही. आणि वीज?

तिसरा: ओढ्याच्या पात्रात नाही, मग ते कितीही कोरडं आणि सपाट असो. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो.

चौथा: तुटक्या, उभ्या उताराच्या पायथ्याशी नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगराचा कडा खचून आला आणि जवळजवळ सगळं गाव गाडलं गेलं, ते या भागात कोणी विसरलेलं नाही.

पाचवा: तंबूचं दार वाऱ्याकडं करायचं नाही. वारा आत शिरला की तंबू फुगतो आणि खुंट्या उपटतो. खुंटी सरळ ठोकायची नाही. तिचं डोकं तंबूपासून लांब कललेलं हवं आणि टोक तंबूकडं. मग दोरी जितकी ओढली जाईल तितकी खुंटी घट्ट बसते.

आत झोपताना चेन पूर्ण लावायची. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावण्याची भीती असते. दंश फारसा दुखत नाही, त्यामुळं माणूस गाफील राहतो. तसं कुणाला झालंच, तर मांत्रिक नाही, मंतरलेला दोरा नाही, जखम चोखणं नाही. १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. सापाच्या विषावरची लस तिथंच मिळते. हा नियम डोंगरात जेवढा खरा, तेवढाच आपल्या कापसाच्या रानातही खरा.

आणि एक गोष्ट तर मोठ्यांनाही माहीत नसते. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊन दार बंद करून झोपू नये. बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. शेकोटी बाहेर, झोप आत. दोन्ही एकत्र कधीच नाही.

'नाही' म्हणण्याची हिंमत

तंबूवाल्याचं सगळ्यांत अवघड काम कोणतं? ओझं वाहणं? जागरण? मी विचारलं, तेव्हा दादा म्हणाले, "नाही म्हणणं."

मग त्यांनी मे महिन्यातली एक हकिकत सांगितली. शनिवार होता. बारा तंबू भरलेले. एवढी गर्दी म्हणजे चार पैसे हातात. संध्याकाळी पाहुण्यांची गाणी रंगात आली होती. साडेसहाला दक्षिणेकडून ढग चढला. वारा एकाएकी पडला. पक्षी गप्प झाले. दादांनी दूर लवलेली वीज पाहिली आणि आकडे मोजायला सुरुवात केली.

आकडे कसले? ही युक्ती तुम्हीही शिकून ठेवा. वीज दिसली की मोजायला लागायचं, एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू येईपर्यंत. प्रकाश तर लगेच दिसतो, पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. म्हणजे दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. मोजलेल्या आकड्याला तीननं भागलं की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. दादांचा पहिला आकडा आला सत्तावीस. म्हणजे नऊ किलोमीटर. पुढचा आला अठरा.

दादांनी सगळ्यांना सांगितलं, "तंबू सोडा. सामान राहू द्या. माझ्या घरी नाहीतर तुमच्या गाड्यांत बसा." कारण तंबू विजेपासून मुळीच वाचवत नाही. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली गाडी, हाच आसरा.

पाहुणे काही ऐकेनात. "आम्ही तंबूत राहायचे पैसे दिलेत," एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "थोडा पाऊस तर आलाच पाहिजे, मजा येईल." तिसऱ्यानं तर पैसे परत मागितले. दादांचं शिक्षण दहावीपर्यंत. समोर गाडीवाले, मोठ्या हुद्द्यांवरचे, इंग्रजी बोलणारे लोक. दादा म्हणाले, "पैसे परत देतो. पण आत्ता चला." आणि त्यांनी एकेका तंबूसमोर उभं राहून माणसं बाहेर काढली. वहिनींनी पडवीत सतरंज्या घातल्या, लहान मुलांना चुलीजवळ बसवलं. घरातल्या दोन खोल्यांत आणि पडवीत तीस-पस्तीस माणसं!

पाऊण तास वळीव कोसळला. पाऊस थांबल्यावर बॅटरी घेऊन सगळे खाली गेले. बारापैकी सात तंबू आडवे झाले होते. एक तर पाण्यात जाऊन पडला होता. पैसे परत मागणारे गृहस्थ काही न बोलता खाली बसले आणि चिखलात रुतलेल्या खुंट्या उपटायला लागले.

"पैसे परत दिले का हो?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"तिघांना दिले. बाकीच्यांनी घेतले नाहीत," दादा म्हणाले. "पण सात तंबूंच्या काड्या मोडल्या ना, त्या हंगामात तेच भरत बसलो."

मुलांनो, या हकिकतीत टाळ्या वाजवण्यासारखा शेवट नाही. दादांना नुकसान झालं ते झालंच. पण त्या रात्री झोपलेली सगळी मुलं सकाळी उठली. तंबूवाल्याच्या हिशोबाच्या वहीत ही जमा कुठं लिहीत नाहीत, एवढंच.

आपल्या मराठवाड्यातही मे-जून आणि परतीच्या पावसात शेतात वीज पडून माणसं आणि गुरं दगावतात. तेव्हा मोजायची ही युक्ती शेतात जाणाऱ्या आई-बाबांनाही शिकवा. आकडा तीसच्या आत आला की झाडाखाली नाही, थेट घरात. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' नावाचं अॅप मोबाईलवर विजेचा इशारा देतं. तेही घरच्यांच्या फोनमध्ये घालून द्या.

काजवे आणि बॅटऱ्या

मे अखेर ते जूनचा मध्य, पावसाच्या तोंडावर, इथं एक जादू होते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे चमकतात. सबंध झाड उजळतं, विझतं, पुन्हा उजळतं. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की उजेड पडतो. हा उजेड गार असतो, त्याचा चटका बसत नाही. हे दिवे आपल्या करमणुकीसाठी लागत नाहीत. नर आणि मादी एकमेकांना अंधारात हाक मारतात, ती या दिव्यांनी. पंख फुटल्यावर काजव्याचं आयुष्य उरतं जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि मातीत अंडी घालायची.

आणि नेमक्या त्याच आठवड्यांत गाड्यांची रांग लागते. हेडलाइट, बॅटऱ्या, मोबाईलचे फ्लॅश! एवढ्या उजेडात काजव्याला जोडीदाराचा दिवा कसा दिसणार? शिवाय झाडाखाली दाटी केली की गवतातल्या माद्या पायाखाली चिरडतात. म्हणून वनखातं या दिवसांत नियम घालतं आणि तंबूवाल्यांना पुन्हा एकदा 'नाही' म्हणावं लागतं. बॅटरी नको, फांदी हलवू नका, काजवा बाटलीत भरू नका. काहींना राग येतो. पण काजवे संपले तर पुढच्या जूनमध्ये पाहुणेही येणार नाहीत, हे गावाला कळलेलं आहे.

सातासमुद्रापलीकडचे तंबूवाले

हे काम जगात इतर ठिकाणीही आहे. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांत आणि सरकारी जंगलांत तंबूंसाठी राखलेले तळ असतात. पुष्कळ तळांवर एक 'कॅम्पग्राउंड होस्ट' असतो, म्हणजे तळाचा यजमान. बऱ्याचदा नोकरीतून निवृत्त झालेलं आजी-आजोबांचं जोडपं हे काम करतं. चाकांच्या घरात राहायचं, आल्यागेल्याला जागा दाखवायची, स्वच्छतागृह नीट ठेवायचं, रात्री गोंगाट करणाऱ्यांना समजवायचं. बहुतेकांना पगार नसतो, राहायची जागा मात्र मोफत असते. तिथं अस्वलांची भीती असते. म्हणून खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवायचे नाहीत, लोखंडी पेटीत कुलूपबंद करायचे. आपल्याकडं अस्वलाच्या जागी वानर येतं आणि बिस्किटांचा पुडा घेऊन झाडावर जाऊन बसतं!

फरक एवढाच की तिकडच्या आजी-आजोबांनी हे काम हौसेनं घेतलेलं असतं. आपल्या दादा-वहिनींचं घर त्यावर चालतं. पाहुणे आले तर दिवाळीनंतर मुलांच्या हाताला धरून परगावी मजुरीला जावं लागत नाही. मुलं गावातच राहतात, शाळा बुडत नाही. वहिनी म्हणाल्या, "माझी शाळा चौथीत सुटली. आई-बाप कामाला जायचे, मी धाकट्याला सांभाळायला बरोबर. माझ्या पोरीचं तसं नाही होऊ द्यायचं." त्यांची मुलगी सातवीत होती. शेकोटीच्या उजेडात ती आमच्या मुलांना नक्षत्रं दाखवत होती, आणि आमची मुलं शहाण्यासारखी ऐकत होती!

मला आपल्या हंगामी वसतिगृहातली मुलं आठवली. आई-बाबा फडावर आणि ही गावात. घरी राहायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते त्यांना विचारा.

पालकांसाठी चार ओळी

सुटीत मुलांना डोंगरात जरूर न्या. पण जाताना तंबूवाल्याला 'नोकर' समजू नका. तो यजमान आहे आणि रात्रीपुरता तुमच्या मुलांचा राखणदारही. दारू आणि मोठ्या आवाजातली गाणी घरी ठेवा. जेवढा कचरा कराल तेवढा पिशवीत भरून परत आणा, कारण डोंगरात घंटागाडी येत नाही. शौचाला बाहेर जावंच लागलं तर पाण्यापासून किमान साठ मीटर, म्हणजे शंभरेक पावलं लांब, खड्डा करून आणि बुजवून. यजमान म्हणाला, "आता उठा," तर त्याच्याशी वाद घालू नका. हवा त्याला कळते.

करून पाहा

१. अंगणात किंवा शाळेच्या मैदानात एक जुनी साडी, दोन काठ्या आणि सहा खुंट्यांचा तंबू उभारा. एकदा दार वाऱ्याकडं करा, एकदा वाऱ्याच्या उलट दिशेला. काय होतं ते वहीत लिहा.

२. दोन खुंट्या ठोका, एक सरळ आणि एक तिरपी. दोरी बांधून ओढा. कुठली आधी निघते?

३. नकाशावर प्रवरेचा रस्ता निळ्या पेन्सिलीनं काढा, भंडारदऱ्यापासून थेट तुमच्या गावाजवळच्या कालव्यापर्यंत.

४. तुमच्या गावातही दुसऱ्यांची झोप राखणारं कोणीतरी असेल. एस.टी. स्टँडवरचा रखवालदार, दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या नर्सताई, शेताला रात्रीचं पाणी देणारे तुमचे काका. त्यांचा एक दिवस कसा जातो ते विचारून वहीचं एक पान भरा.

आणि हो, विचारायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, "तुम्ही जेवलात का?" दादा सांगत होते, इतक्या वर्षांत शेकडो पाहुणे आले, पण हा प्रश्न विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आणि त्यांतली बहुतेक लहान मुलंच होती.